टिकचा रकाना खोडायला लावणाऱ्या ताईंना

ती. ताई,
स. न. वि. वि.

आभार योगाच्या वर्गातच मानता आले असते, पण तुम्ही दुसऱ्याच वाक्याला थांबवता आणि 'चला, पाय जुळवा' म्हणता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. 'योगासनं करायची आहेत हो, पण वेळच मिळत नाही' असं म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कानावर पडावं.

घरच्या सरावाला वेळ काढायचा म्हणून मी रोजचं वेळापत्रक आखायचा नवाकोरा प्लॅनर घेऊन आले तेव्हा तुम्ही मला त्यात काही ठरवूच दिलं नाहीत. पहिला आठवडा फक्त घडलेलं लिहायचं: उठले कधी, फोन हातात किती वेळ होता, कामावरून आल्यावर प्रत्यक्ष काय केलं. सुधारायचं काहीच नाही. आठवड्याच्या शेवटी तुम्ही पानं चाळलीत आणि नेमकं बोट ठेवलंत ते कामावरून आल्यानंतरच्या तासाभरावर. रोज तिथे काही ना काही लिहिलेलं होतं, पण तेव्हाच करायला हवं असं त्यात एकही काम नव्हतं. शिवाय दुपारच्या जेवणाला तीन-चार तास होऊन गेलेले, म्हणजे पोटही हलकं. पहाटे उठण्याचा आग्रह तुम्ही धरला नाहीत याचे वेगळे आभार. पहाटेच्या नावाने सुरू होऊन पहाटेच बारगळलेले किती संकल्प तुम्ही पाहिले असतील!

मग लिहायची रीत. 'योग, सहा वाजता' ही माझी ओळ तुम्ही खोडलीत आणि घड्याळाऐवजी रोज होणाऱ्या एखाद्या कामाला सराव बांधायला सांगितलंत. ओळ अशी झाली: 'आल्यावर हातपाय धुतले की चटई.' उशीर झाला तर सहा वाजून जातात, हातपाय मात्र धुतले जातातच. मला ही तुमची घरगुती युक्ती वाटली होती. पुढे वाचनात आलं की पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने याच विषयावर बरंच संशोधन केलं आहे. नुसतं 'करायचं आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं आधीच ठरवणारे जास्त वेळा ते तडीला नेतात, हे त्याने १९९९ च्या लेखात मांडलं आहे.

वेळेच्या हिशोबात तुम्ही कडक आहात. पाऊण तासाच्या सरावाला प्लॅनरमध्ये पाऊण तास लिहिलेला तुम्हाला चालत नाही. चटई अंथरणं, खोलीचं दार लावणं, शेवटी उठून पुन्हा माणसांत येणं, हे सगळं धरून सरळ एक तास. आणि शवासनाची ओळ वेगळी, कारण वेळ कमी पडला की पहिली कात्री शवासनालाच लागते. रोज हा तास मिळेल असं तुम्ही कधीच गृहीत धरलं नाहीत. पानाच्या कडेला तुम्ही दोन छोटे सराव लिहायला लावलेत: वीस मिनिटांचा एक, आणि अगदीच झोपायची वेळ झाली तर ताडासन, मार्जारासन आणि पाच मिनिटं शवासन. पाळीच्या दिवसांत डोकं खाली, पाय वर अशा उलट्या स्थितीची आसनं सोडून यांतलाच छोटा सराव, हेही तिथेच लिहिलेलं. काय करू नि काय नको, हा विचार दमलेल्या वेळी करावा लागत नाही, हा त्या कडेचा खरा फायदा.

पेन्सिल आणि पेन हे प्रकरण मला सुरुवातीला शाळकरी वाटलं. ठरवलेलं पेन्सिलने, झालेलं पेनाने, आसनांच्या नावांसकट. महिन्याचं पान भरल्यावर त्याचा अर्थ लागला. तुम्ही पान माझ्यापुढे फिरवलंत आणि काहीच बोलला नाहीत. पश्चिमोत्तानासन, जानुशीर्षासन, पुन्हा पश्चिमोत्तानासन. पुढे वाकायची आसनं पानभर पेनाने लिहिलेली, आणि मागे वाकायची भुजंगासन, शलभासन बहुतेक ठिकाणी नुसती पेन्सिलने. जे शरीराला आवडतं तेच मी करत होते. दिवसभर खुर्चीत पुढे वाकून बसणारी मी चटईवरही पुढेच वाकत होते! वर्गात तुमच्या नजरेतून हे सुटलं नसतंच, पण घरी एकटीने केलेल्या सरावाला दुसरी नजर कुठून येणार? ती त्या पानाने दिली. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस मागे वाकण्याच्या आसनांनी सुरू होतात, पोटाशी पीळ देणारी आसनं त्यांच्यानंतर.

आता टिकबद्दल. मी एक अरुंद रकाना आखला होता, सराव झाला की त्यात हिरव्या पेनाने टिक. ओळीने टिका दिसल्या की काय बरं वाटायचं! तुम्ही त्या बघून विचारलंत, 'काल शवासनात श्वास कसा होता?' मला आठवेना. 'मग ही टिक कशाची?' एवढंच म्हणालात आणि रकाना खोडायला लावलात. आता त्या जागी सरावानंतरच्या श्वासाबद्दल एखादा शब्द असतो: खोल, अडकलेला, घाईचा, शांत. टिक चटईवर पाय ठेवण्याआधीही मनात मारून होते. हा शब्द मात्र श्वासाकडे लक्ष दिल्याशिवाय सुचत नाही. पतंजलींनी अभ्यास पक्का होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. पहिल्या दोन प्लॅनर बघून घेईल, तिसरी तुमची तुम्हालाच बघावी लागेल, असं तुम्ही त्या दिवशी म्हणालात. प्लॅनर विकणारे हे कुणी सांगत नाहीत.

खंड पडला तेव्हाही तुम्ही उपदेश केला नाहीत. कोरी राहिलेली घरं मागून भरायची नाहीत, राहिलेल्याची भरपाई म्हणून दुप्पट सरावही नाही, एवढाच नियम. सवय २१ दिवसांत लागते हे कुठून कुठून ऐकलेलं मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हसलात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. तुमचा नियम त्या संशोधनाच्या कितीतरी आधीचा असणार, पण मला आकड्यांचा आधार बरा वाटतो.

घरातल्यांच्या वतीनेही आभार. संध्याकाळच्या त्या तासाला कुणी हाक मारत नाही, कारण तो भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहायला तुम्ही सांगितलं होतंत. मुलीला तो माझ्याआधी पाठ झाला.

पुढच्या महिन्याची पानं आखून ठेवली आहेत. अनुलोम-विलोमला वेगळी ओळ दिली आहे, तीही शवासनाच्या आधी, कारण नंतर ठेवली तर शवासन पुन्हा घाईत जाईल असं वाटतं. मागे वाकायचं उष्ट्रासन पेन्सिलने लिहिलं आहे. येत्या वर्गाला प्लॅनर घेऊन येते. माझ्या कमरेकडे बघून ते ठेवायचं की खोडायचं ते तुम्हीच सांगा.

तुमची,
तिसऱ्या रांगेतली विद्यार्थिनी