भरतीच्या वेळा

सीवूड्स, नवी मुंबई
२२ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, ‘आवाज किती ओढलेला लागतोय गं तुझा.’ कामाचं कारण सांगून मी फोन ठेवला. खोटं नव्हतं ते. मार्च जवळ आला की आमच्या अकाउंट्समध्ये कुणी कुणाशी धड बोलत नाही. मला तर झोपेतही आकडे दिसायला लागले होते. ताण कमी कसा करावा यावर ऑफिसने एक वर्ग ठेवला, तोही रविवारी!

पण सांगायचं वेगळंच होतं. बाबा, इथे रोहित पक्षी आलेत, फ्लेमिंगो.

घरापासून चालत पंधरा मिनिटांवर तळं आहे. खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि हे सगळे उडून तळ्यात येऊन उभे राहतात. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. माझ्या लोकलच्या आधीची वेळ जुळते ती अष्टमी-नवमीच्या मागेपुढे, पंधरवड्यातून जेमतेम तीन-चार सकाळी. आई, तू एकादशी बघतेस तशी मी हल्ली कॅलेंडरात अष्टमी शोधते.

गेल्या खेपेला काठाजवळच एक होता. मान खाली, चोच उलटी पाण्यात, आणि पायांनी जागच्या जागी चिखल तुडवत गोल गोल फिरत होता, कुंभार माती तुडवतो ना, अगदी तसा. मध्येच थांबायचा, दोन पावलं सरकायचा, पुन्हा सुरू. मी बघत राहिले. ७:४२ चुकली. पुढच्या गाडीत दारातच उभी राहून गेले, साहेब बोलले ते ऐकून घेतलं, आणि दुपारी डबा खाताना लक्षात आलं की सकाळपासून डोकं दुखलेलंच नाही.

आपल्या भिगवणच्यांपेक्षा हे ठेंगणे आहेत, पण रंगाने गडद, आणि चोच काळपट लाल. तुम्ही बघितलंत तर म्हणाल, ‘हे आपले नव्हेत.’

डेअरीला दूध घालून येताना तुम्ही सायकल बांधाला टेकवून पाण्यातले रोहित बघत थांबायचात, आठवतंय? मी कॅरियरवर, हातात रिकामी किटली. तुम्ही काही बोलायचा नाहीत, बोटही दाखवायचा नाहीत. घरी चहा निवायचा आणि आई दोघांवर करवादायची. आपली नदीकाठची मळई त्याच उजनी धरणाच्या पाण्यात गेली. तरी त्या पाण्याकडे तुम्ही इतक्या निवांतपणे कसे बघत बसायचात, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. या पत्राला उत्तर लिहिलंत तर तेवढं लिहा.

आईच्या गुडघ्याचं तेल कुरिअरने पाठवलंय, रात्री चोळायचं आहे. पक्षी उन्हाळाभर असतील. एप्रिलमध्ये या दोघं. अष्टमी धरून तिकीट काढते, तारीख आईनेच पंचांगात बघून कळवावी.

तुमची,
धाकटी