पिवळे पऱ्हे आणि धानाची जनुके

महोदय,

उन्हाळी धानाचे पऱ्हे (लावणीआधीची कोवळी रोपे) डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिवळे, कधी तर पांढुरके पडले की आमच्या भंडारा-गोंदियाकडे आधी युरिया आणि मग झिंक पडते. गेल्या हिवाळ्यात दुकानदाराच्या सांगण्यावरून मीही दोन्ही टाकले. आठवड्याभरात थंडी ओसरली, नवी पाने हिरवी निघाली आणि श्रेय झिंकला गेले! झिंकच्या कमतरतेत खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येतात. माझ्या पऱ्ह्यांत ठिपका एकही नव्हता, फिकी होती ती पोंग्यातून, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून, नुकतीच निघालेली पाने.

पानाला हिरवेपणा देणाऱ्या हरितलवकाकडे स्वतःची जेमतेम शंभर-सव्वाशे जनुके असतात. भाताच्या हरितलवकाची १,३४,५२५ अक्षरांची जनुकसंहिता जपानी शास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच वाचली. त्याला लागणारी बाकीची हजारो प्रथिने मात्र पेशीच्या केंद्रकातील जनुकांच्या हुकुमाने बनतात, त्यामुळे या दोन ठिकाणांचा मेळ बसला तरच पान हिरवे होते. कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या रुबिस्को या एका विकराचेही (एन्झाइमचेही) मोठे अंग हरितलवकात आणि लहान अंग केंद्रकाच्या सूचनेने घडते.

थंडीत नेमका हाच मेळ बिघडतो. 'व्हिरेसंट-१' या केंद्रकातील जनुकात दोष असलेला भात ३० अंश सेल्सिअसला जवळजवळ नेहमीसारखा हिरवा, तर २० अंशांना फिका वाढतो, कारण हे जनुक कोवळ्या हरितलवकातील आरएनए सांभाळणारे प्रथिन बनवते आणि त्याची खरी गरज थंडीतच, तीही पान पोंग्यात दडलेले असताना पडते. म्हणजे आज दिसणारा फिकेपणा मागच्या काही थंड दिवसांचा असू शकतो. निर्दोष वाणांतही थंडी सोसण्याची ताकद सारखी नसते, आणि आपले इंडिका गटातील धान भाताच्या जपोनिका या दुसऱ्या मुख्य गटापेक्षा एकंदरीत नाजूकच.

तेव्हा पऱ्ह्यांत संध्याकाळी पाणी भरून सकाळी काढणे किंवा रात्री प्लास्टिक झाकणे हे उपाय आधी करून पाहावेत. साकोली व सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रांनीही उन्हाळी हंगामासाठी शिफारस करताना प्रत्येक वाणाची पऱ्हे अवस्थेतील थंडी-सहनशीलता जाहीर करावी, आणि बियाण्याच्या पिशवीवर पिकाच्या कालावधीशेजारी ती छापली जावी, अशी विनंती आहे.

— एक धान उत्पादक, जि. भंडारा