आंबा विक्रीच्या संकेतस्थळाचे सदोष काम आणि डोमेन आमच्या नावावर करून मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
संकेतस्थळ निर्मिती विभाग,
पुणे.

विषय : आपण तयार करून दिलेल्या संकेतस्थळातील गंभीर त्रुटी, त्यामुळे हंगामात झालेले नुकसान, डोमेनचे (संकेतस्थळाच्या पत्त्याचे) हस्तांतरण आणि रकमेचा परतावा.

संदर्भ : आपले कोटेशन, उभयपक्षी मान्य झालेली वर्क ऑर्डर आणि त्यानंतरचा ईमेल पत्रव्यवहार.

महोदय,

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग असून स्वतःच्या कलमांवरचा आंबा थेट घरगुती ग्राहकांना पाठवणे हा आमच्या कुटुंबाचा उपजीविकेचा व्यवसाय आहे. वाशीच्या घाऊक बाजारात गेलेल्या पेटीचा भाव आमच्या हातात राहत नाही. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाने आमच्याकडूनच आंबा मागवावा, यासाठी आम्ही संकेतस्थळ करून घ्यायचे ठरवले आणि ते काम आपल्या कंपनीकडे सोपवले. ठरलेल्या ₹६०,००० पैकी निम्मी रक्कम आम्ही वर्क ऑर्डर देतानाच भरली आणि उरलेली निम्मी, संकेतस्थळ सुरू होण्याआधीच, आपल्या आग्रहावरून भरली. दोन्ही वेळा १८ टक्के जीएसटी वेगळा दिला. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

काम जानेवारीअखेर पूर्ण करून देण्याचे वर्क ऑर्डरमध्ये नमूद आहे. प्रत्यक्षात संकेतस्थळ सुरू झाले ते एप्रिल उजाडल्यावर. इतर धंद्यात दोन महिन्यांचा उशीर कदाचित भरून निघत असेल, पण देवगडचा आंबा साधारण मार्च ते मेच्या मध्यापर्यंतच मिळतो, आणि गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात मागणी आणि दर दोन्ही चढे असतात. ही गोष्ट आपल्या प्रतिनिधीला पहिल्याच बैठकीत सांगितली होती आणि मुदत त्याच हिशोबाने ठरली होती.

तथापि आमची मुख्य तक्रार उशिराची नाही. या कामाचे नियोजनच झाले नाही, ही आमची तक्रार आहे. सुरुवातीच्या चर्चेत आपल्या लोकांनी आम्हाला आवडता रंग विचारला, पाच पानांचे पॅकेज समजावले आणि काही तयार नमुने दाखवले. हे संकेतस्थळ कोणासाठी आहे, तो ग्राहक काय शोधत येणार आणि पानावरून जाण्याआधी त्याने काय केलेले आम्हाला हवे आहे, यांपैकी एकही प्रश्न आम्हाला विचारला गेला नाही. तरीही दरवर्षी फोनवर ग्राहक जे विचारतात, त्याची यादी आम्ही आपणहून लिहून दिली होती. आंबा देवगडचाच कशावरून, फळ किती ग्रॅमचे, डझनाचा आजचा दर काय, आंबा कच्चा येणार की तयार, आमच्या पिनकोडला पोहोचतो का, आणि एखादे फळ आतून साक्याचे, म्हणजे गर पांढरट व स्पंजासारखा झालेले, निघाले तर काय करणार, असे ते प्रश्न होते. यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मुख्य पानावर नाही. तिथे सरकत्या चित्रांची पट्टी आणि गुणवत्तेविषयी मोघम वाक्ये आहेत, जी कोणत्याही मालाच्या विक्रेत्याला चालतील.

दरांचे उदाहरण घ्यावे, म्हणजे नियोजनाचा अभाव म्हणजे काय ते स्पष्ट होईल. हापूसचा दर फळाच्या वजनाप्रमाणे ठरतो आणि हंगाम पुढे सरकतो तसा तो आठवड्याआठवड्याला उतरत जातो. शिवाय हापूस दरवर्षी सारखा धरत नाही, आणि अवकाळी पाऊस झाला तर आज कबूल केलेला माल उद्या उतरवता येत नाही. म्हणून दर बदलण्याची आणि माल संपताच ऑर्डर थांबवण्याची सोय आमच्या हातात असणे अत्यावश्यक होते. आपण दर थेट पानाच्या मजकुरात लिहून टाकले, आणि प्रत्येक बदलासाठी आम्ही आपल्याला ईमेल करायचा, आपण तो दोन दिवसांत करणार आणि त्याचे वेगळे शुल्क लावणार, अशी व्यवस्था केली. परिणामी बाजारात दर उतरले तरी आमच्या पानावर जुनेच चढे दर दिसत राहिले, आणि मोठ्या आकाराचे फळ संपल्यानंतरही त्याच्या ऑर्डरी येत राहिल्या. त्या ग्राहकांना फोन करून नकार देण्याची वेळ आमच्यावर आली. तयार प्रणालींमध्ये ही सोय मुळातच असते, त्यामुळे ती तांत्रिकदृष्ट्या अवघड होती असे म्हणता येणार नाही.

पिनकोडचेही तसेच झाले. आढीत (पिकवण्यासाठी गवतात) ठेवलेला आंबा पूर्ण तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून प्रवास किती दिवसांचा आहे ते पाहून आम्ही फळ कोणत्या अवस्थेत भरायचे ते ठरवतो. जिथे आमचे पार्सल वेळेत पोहोचत नाही, अशा पत्त्याची ऑर्डर घेऊच नये, असे आम्ही लेखी कळवले होते. आपल्या फॉर्ममध्ये पिनकोडचा रकाना आहे, पण तो काहीही तपासत नाही. ईशान्येकडच्या राज्यांतूनही ऑर्डर आणि पैसे स्वीकारले गेले आणि ते आम्हाला परत करावे लागले.

छायाचित्रांबाबत आम्हाला सर्वाधिक मनस्ताप झाला. हापूस आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो हे ग्राहकालाही ठाऊक असल्यामुळे तो आधी विश्वास शोधतो. म्हणून आम्ही बागेची, कातळावरच्या कलमांची, झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) फळ उतरवतानाची, आढीची आणि पॅकिंगची छायाचित्रे काढून दिली, तसेच मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याचे आमचे प्रमाणपत्रही दिले. आपण यांतले काहीही वापरले नाही. मुख्य पानावर गडद लाल सालीचा परदेशी आंबा आहे आणि आतल्या पानावर चोच असलेला तोतापुरी आहे. हापूसला अशी चोच नसते, हे आंबा खाणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आमच्या जुन्या ग्राहकांनी फोन करून, तुम्ही आता बाहेरचा माल विकता का, असे विचारले. आमच्या वडिलांनी ज्या नावावर आयुष्यभर आंबा विकला, त्या नावाविषयी अशी शंका यावी, हे आम्हाला फार लागले आहे. ‘आमच्याविषयी’ या पानावरचा मजकूरही दुसऱ्या एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून जवळपास जसाच्या तसा उचललेला असल्याचे आढळले असून, त्यातून स्वामित्व हक्काचा प्रश्न उद्भवल्यास त्याची जबाबदारी आपली राहील.

ज्या ग्राहकाला आमचे नाव माहीत नाही, त्याला हे संकेतस्थळ सापडतच नव्हते. याचे कारण आम्ही एका जाणकाराकडून तपासून घेतले. काम चालू असताना शोधयंत्रांनी पाने नोंदवू नयेत म्हणून वर्डप्रेसमध्ये, म्हणजे हे संकेतस्थळ ज्या प्रणालीवर उभे आहे तिच्यात, एक खूण करून ठेवतात. ती तेव्हा योग्यच असते, पण संकेतस्थळ सुरू करताना काढून टाकायची असते. आपण ती काढली नाही आणि ऐन हंगामात गूगलला आमची पाने नोंदवू नयेत अशीच सूचना मिळत राहिली. गूगलमध्ये आपली पाने कशी दिसतात ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोल या सेवेवर नोंदणी केली असती, तर ही चूक लगेच दिसली असती. वर्क ऑर्डरमध्ये त्या नोंदणीचा उल्लेख आहे, ती मात्र झालेली नाही. मराठी मजकुराचा काही भाग युनिकोडमध्ये (सर्व उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नसून छपाईसाठीच्या (डीटीपीच्या) जुन्या फॉन्टमधला आहे, जो अनेक फोनांवर निरर्थक अक्षरे होऊन उमटतो, आणि उरलेला भाग चित्राच्या स्वरूपात चिकटवला आहे, त्यामुळे शोधयंत्राला तो मजकूर म्हणून मिळत नाही.

आमचे बहुतेक ग्राहक मोबाईलवरूनच पाहतात. मुख्य पानावरचे एकेक चित्र पाच-सहा एमबीचे आहे. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा निकष आहे. आमच्या पानाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. फोन क्रमांकही चित्रात असल्याने त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही.

यूपीआयने पैसे भरल्यावर रक्कम आमच्या खात्यात जमा होते, परंतु काही वेळा ऑर्डरची नोंदच तयार होत नाही. बँकेचा संदेश दाखवून ग्राहक विचारणा करतात तेव्हा त्यांचा पत्ता आणि मागणी आम्हाला पुन्हा विचारून घ्यावी लागते. संपर्क फॉर्ममधून आलेले संदेश आमच्याऐवजी आपल्या कंपनीच्या ईमेलवर जात होते, हे तर मे महिन्यात उघड झाले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दाखवावा लागतो, आणि आलेल्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. आमच्या ग्राहकांच्या तक्रारी आपल्या पेटीत पडून असताना आम्ही हे बंधन कसे पाळावे? हा तपशील आणि आमचा एफएसएसएआय (अन्न सुरक्षा) नोंदणी क्रमांक आपल्याला दिलेला असूनही संकेतस्थळावर कोठेही नाही.

आता डोमेनविषयी, ज्यावर आम्ही कोणतीही तडजोड करणार नाही. आमच्या बागेच्या नावाचे डॉट इन डोमेन नोंदवण्याचे पैसे आम्ही दिले आणि त्याची वेगळी ओळ आपल्या बिलात आहे. प्रत्यक्षात नोंदणीधारक म्हणून आपल्या कंपनीचे नाव आणि आपलाच ईमेल लावलेला आहे. बाग आम्ही राखायची आणि सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर, अशी ही स्थिती आहे. डोमेन आमच्या नावावर करून मागितले तेव्हा, ते आपल्या वार्षिक देखभाल पॅकेजचा भाग असून पॅकेज बंद केल्यास डोमेन मिळणार नाही, असे उत्तर आले. वर्क ऑर्डरमध्ये अशी कोणतीही अट नाही. हा पत्ता आमच्या पुठ्ठ्याच्या प्रत्येक खोक्यावर छापलेला आहे आणि शेकडो घरांत पोहोचलेला आहे. तो रोखून धरून दरवर्षी पैसे मागणे ही आमच्या दृष्टीने सरळ अडवणूक आहे. होस्टिंगचे आणि प्रशासक खात्याचे पासवर्डही आम्हाला दिलेले नाहीत.

या परिस्थितीत उरलेले काम आपल्याकडून करून घेण्याची आमची इच्छा नाही. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत डोमेनचा नोंदणीधारक म्हणून आमचे नाव लावावे आणि हस्तांतरणासाठी लागणारा ऑथ कोड द्यावा. त्याच मुदतीत संकेतस्थळाचा संपूर्ण बॅकअप, डेटाबेस, प्रशासक खाते आणि फॉर्ममधून आपल्याकडे आलेले सर्व संदेश आमच्या स्वाधीन करावेत, आणि ते संदेश पाठवणाऱ्या ग्राहकांचे फोन क्रमांक व पत्ते आपण इतरत्र वापरले नाहीत, याची लेखी खात्री द्यावी. दुसऱ्या हप्त्याचे जीएसटीसह ₹३५,४०० पंधरा दिवसांत परत करावेत, कारण तो हप्ता पूर्ण व वापरण्याजोग्या कामासाठी होता आणि तसे काम आम्हाला मिळालेले नाही. पहिला हप्ता आम्ही मागत नाही, कारण आपल्या एका कर्मचाऱ्याने आराखड्यावर प्रामाणिकपणे वेळ दिला होता, हे आम्ही मान्य करतो.

ही सेवा आम्ही केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतली असल्याने आम्ही ग्राहकच आहोत, असे आमचे म्हणणे आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. वरील मुदतीत पूर्तता न झाल्यास आम्ही सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू आणि त्यात हंगामातील नुकसानभरपाई व खर्चाची मागणीही समाविष्ट करू. त्यासाठी पानांचे स्क्रीनशॉट, परत केलेल्या रकमांच्या नोंदी आणि आपला ईमेल पत्रव्यवहार आम्ही जपून ठेवला आहे.

पावसाळा संपल्यावर मोहोराच्या आधी नवे संकेतस्थळ उभे राहणे आम्हाला गरजेचे असल्याने डोमेनच्या हस्तांतरणास विलंब लावू नये. आपले उत्तर फोनवर न देता याच पत्त्यावर लेखी पाठवावे.

कळावे,

आपला विश्वासू,
आंबा बागायतदार व विक्रेता,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग.

सोबत : वर्क ऑर्डर, दोन्ही हप्त्यांच्या पावत्या, ग्राहकांच्या प्रश्नांची आम्ही दिलेली यादी, पानांचे स्क्रीनशॉट, डोमेन नोंदणीच्या तपशिलाची प्रत.