‘व्होरो’ नव्हे, ‘वरो’!

महोदय,

एस्टोनियाचे कवी आपो इल्वेस यांच्यावरील पुरवणीतला लेख वाचला. विषय निवडलात हे छानच, पण त्यांच्या भाषेचे नाव ‘व्होरो’ असे छापले आहे. हा ‘ओ’ इंग्रजीच्या वाटेने आला. मूळ नावातला पहिला स्वर ओठ गोल न करता, जीभ मागे घेऊन म्हणतात. आपला ‘अ’ त्याच्या बराच जवळ जातो. इंग्रजीकडे अक्षर नाही म्हणून आपण का अडावे? ‘वरो’ छापावे.

वरो ही ‘बिघडलेली एस्टोनियन’ही नव्हे; ती दक्षिण एस्टोनियन गटातली भाषा आहे. दक्षिण एस्टोनियनमधला ‘नवा करार’ १६८६ मध्ये छापला गेला, उत्तरेकडचा १७१५ मध्ये. पुढे १७३९ साली संपूर्ण बायबल उत्तरेच्या भाषेत आले आणि छपाई, शाळा, कचेऱ्या त्याच बाजूला झुकल्या. वरो घरात राहिली. २०११ च्या जनगणनेत ती येते असे सांगणारे सुमारे ७४ हजार होते. पण ज्याचे सगळे शिक्षण प्रमाण भाषेत झाले, त्याला ती ऐकून कळते आणि छापलेली समोर आली की तो अडखळतो. २००० पासून निघणारे ‘उमा लेह्त’ हे वरो वृत्तपत्र ही सवय लावते आहे, तरी कवितासंग्रह हाती घेणारे थोडेच. म्हणून इल्वेस यांची गाणी हा लेखात म्हटल्याप्रमाणे ‘जोडछंद’ नाही. वाचकापर्यंत पोचायची ती सरळ वाट आहे. युरोपीय देशांच्या ‘युरोव्हिजन’ या गीतस्पर्धेत २००४ मध्ये एस्टोनियाने पाठवलेले वरो गाणे त्यांनीच लिहिले होते. त्याचे नाव ‘ती’, म्हणजे वाट. प्रमाण भाषेत वाटेला ‘ते’ म्हणतात, आणि चहालाही!

आता लेखातल्या एका वाक्याबद्दल. ‘प्रमाण भाषेत लिहून प्रत्यय बदलले की वरो होते’ असे त्यात आहे. तसे होत नाही. ‘गावात’ याला प्रमाण शब्द ‘क्युलास’. शेवटच्या ‘स’च्या जागी वरोचा ‘ह’ हा प्रत्यय घातला तर ‘क्युलाह’ होईल, आणि ते चूक. वरोमध्ये स्वरसंगती टिकून आहे: पहिला स्वर पुढचा, म्हणजे जीभ पुढे आणून म्हणायचा, असेल तर मागून येणारा ‘आ’ही पुढे सरकतो, ‘बॅट’मधल्या स्वरासारखा होतो. बरोबर रूप ‘क्युलॅह’. तेही पूर्वेकडचे, पश्चिमेकडचे लोक ‘क्युलॅन’ म्हणतील. म्हणजे कोणत्या भागाची वरो लिहायची, हे कवीला पहिल्या ओळीआधीच ठरवावे लागते. आणि स्वर बदलला की प्रमाण भाषेत जुळलेले यमक तुटते, ते वेगळेच.

सर्वांत जास्त घोळ होतो तो शब्दाच्या शेवटी घशात श्वास तोडण्याचा. रोमन लिपीत त्यासाठी ‘क्यू’ हे अक्षर वापरतात, आणि ते मुद्रणदोष समजून काढले जाते. ‘काला’ म्हणजे मासा (गोपाळकाला मनातून काढावा), आणि शेवटी श्वास तोडला की तेच ‘मासे’. ते अक्षर गेले की अनेकवचन गेले. गाण्यात हीच अडचण दुसऱ्या बाजूने येते: तोडलेल्या श्वासावर सूर लांबवता येत नाही. गायक लांब सुरासाठी तो खुशाल गिळतो आणि मासे पुन्हा एकच होतात. अशा शब्दाला ओळीच्या शेवटी, लांब स्वरावर न बसवणे हा त्यातला साधा उपाय.

देवनागरीत यासाठी विसर्ग वापरू नये. ‘क्युलॅह’मध्ये खराखुरा ‘ह’ शेवटी येतोच, दोन्ही एकसारखे वाचले जातील. शब्दानंतर एक वरचे स्वल्पविराम-चिन्ह पुरेल: काला’. फक्त मुद्रितशोधकांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर अर्धवट अवतरणचिन्ह समजून ते पहिल्याच फेरीत उडवतील.

– एक वाचक, पुणे