बेलोऱ्याच्या आकाशात कोण कोणाला दिसतं? मा. मुरलीधर मोहोळ यांना खुले पत्र

मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरची एटीआर (छोट्या प्रवासी विमानाची) सेवा सुरू झाली आणि पश्चिम विदर्भाची जुनी मागणी एकदाची पुरी झाली. याच बेलोऱ्यासाठी एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे: 34 शिकाऊ विमानं, वर्षाला 180 वैमानिक. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण दोन्हींसाठी धावपट्टी एकच आहे आणि मला हवेतल्या टकरीची भीती वाटते, म्हणून हे पत्र.

कमर्शियल लायसन्सला 200 तासांचं उड्डाण लागतं. 180 जणांचे झाले 36 हजार तास. काही तास इकडेतिकडे धरले, तरी रोजचे शंभरेक तास होतात. शिकाऊ उड्डाणं बहुतेक दिवसाउजेडी होतात, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी दहा छोटी विमानं हवेत. त्यातली काही दूर सरावाला गेलेली असतील, काही धावपट्टीभोवती सर्किट मारत, म्हणजे उडण्या-उतरण्याच्या सरावाच्या फेऱ्या घालत असतील. त्यांच्यामधून मुंबईचं एटीआर उतरणार.

हे अमरावतीपुरतं नाही. विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणशाळांसाठी पहिल्या फेरीत निवडलेल्या पाच विमानतळांत जळगाव होतं, आणि उडान योजनेमुळे प्रवासी विमानंही जळगावला आली. गोंदियाच्या बिरसीतही तेच. एका हाताने मंत्रालय शाळा आणतं, दुसऱ्या हाताने प्रवासी विमान. दोन्ही फायली एका टेबलावर कधी येतात का, हे मला विचारायचं आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मोठ्या विमानात टीकॅस, म्हणजे टकरीचा इशारा देणारं यंत्र असतं. असतं, आणि ते आपल्याकडे फार मोठी किंमत मोजून आलं. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसं गेली, त्यानंतर भारताने ते सक्तीचं केलं. पण टीकॅस समोरच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला (रेडिओवरून विमानाची ओळख आणि उंची सांगणाऱ्या उपकरणाला) विचारतं आणि त्याचं उत्तर ऐकतं. समोरचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल तर टीकॅसच्या लेखी तिथे विमानच नाही. तो चालू असला पण उंची सांगत नसला, तर टीकॅस सावध करतं, मात्र वर जा की खाली जा हे सांगू शकत नाही. आणि खरी गोम पुढेच आहे. जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ते वर-खाली जाण्याची सूचना मुद्दामच देत नाही, कारण तिथे खाली जमीन असते. शिकाऊ विमानांचं सर्किट नेमकं हजार फुटांच्या आसपास असतं.

मग उरतात डोळे. 25 सप्टेंबर 1978 ला सॅन डिएगोत आकाश निरभ्र होतं. कंट्रोलरने पीएसए या अमेरिकी कंपनीच्या बोइंग 727 ला पुढच्या छोट्या सेस्ना विमानाची कल्पना दिली होती, वैमानिकांना ती दिसलीही होती. मग ती नजरेतून निसटली आणि ते कंट्रोलरला नीट कळलंच नाही. सेस्ना शिकाऊ उड्डाणावर होती. 144 माणसं गेली. आठ वर्षांनी, 31 ऑगस्ट 1986 ला, लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर एरोमेक्सिकोच्या डीसी-9 ला पायपर आर्चर धडकलं; 82 मृत्यू, त्यातले 15 जमिनीवरचे. छोटं विमान परवानगी लागणाऱ्या हद्दीत विनापरवानगी शिरलं होतं आणि त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगत नव्हता. (बेलोऱ्यासाठी मागवलेल्या 34 विमानांपैकी 31 पायपर कंपनीचीच आहेत. विमान उत्तम आहे, दोष त्याचा नव्हता.)

डोळे फसतात याचं कारण साधं आहे. जे विमान आपल्यावर आदळणार असतं, ते काचेवर सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि अगदी शेवटी एकदम मोठं होतं. दिसण्यापासून विमान वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात, असं अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए धरते. 250 नॉटचं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जेट आणि 100 नॉटचं शिकाऊ विमान समोरासमोर आलं, तर तेवढ्या वेळात सव्वादोन किलोमीटर संपतात. आणि त्या छोट्या कॉकपिटमध्ये बसलेल्या पोराचं लक्ष निम्मं तरी उपकरणांवर असतं. माझी पुतणी सध्या हेच शिकते आहे, आणि मी स्वतः एटीआरने जातो. दोन्ही बाजूंना आमच्याच घरातलं माणूस.

लहान विमानतळाच्या टॉवरमधला कंट्रोलर बहुतेक वेळा दुर्बीण, रेडिओ आणि वैमानिकाने सांगितलेली जागा एवढ्यावर काम करतो. त्याच्यापुढे एडीएस-बीचा, म्हणजे विमानं स्वतःहून प्रसारित करतात ती जागा आणि उंची दाखवणारा, एक स्क्रीन ठेवा. प्रत्येक शिकाऊ विमान आपली जागा आणि उंची प्रसारित करतंय हे इंजिन सुरू झाल्यावर तपासलं जावं, वर्षातून एकदा कागदावर नव्हे. उपकरण विमानात असणं आणि ते बोलत असणं यात फरक आहे. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनमध्ये प्रवासी विमानावर आदळलेलं लष्करी हेलिकॉप्टर एडीएस-बी प्रसारित करत नव्हतं. 67 जण गेले. ग्लायडरला (बिनइंजिनाच्या विमानाला) ट्रान्सपॉन्डर जड पडतो हे मान्य, हडपसरचं ग्लायडिंग सेंटर तर तुमच्या पुण्यातच आहे. पण जागा प्रसारित करणारी, खिशात मावतील अशी उपकरणं आता मिळतात. ब्रिटनने 2020 पासून त्यांच्या निम्म्या किमतीपर्यंत, कमाल 250 पौंड, सवलत दिली. आपल्या उड्डाणशाळांच्या फीपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

यंत्र येईपर्यंत एक गोष्ट बिनखर्चाची आहे. प्रवासी विमान ठरावीक अंतरात आलं की सर्किटमधल्यांनी उतरावं किंवा नेमून दिलेल्या बाजूला जाऊन थांबावं, नवं उड्डाण सुटू नये. हे कंट्रोलरच्या त्या दिवसाच्या अंदाजावर न सोडता विमानतळागणिक लेखी ठरवा. शाळांना ते आवडणार नाही, कारण थांबलेल्या तासाचे पैसे बुडतात. ती तक्रार मंत्रालयाने अंगावर घ्यावी.

वॉशिंग्टनच्या त्या अपघातानंतर तपास यंत्रणेने जुन्या नोंदी चाळल्या. ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 दरम्यान त्या विमानतळापाशी हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमानं एक सागरी मैलापेक्षा आणि उंचीत 400 फुटांपेक्षा जवळ आल्याचे 15,214 प्रसंग सापडले. नोंदी आधीपासून होत्या, फक्त कोणी बेरीज केली नव्हती.

म्हणून शेवटची मागणी माहितीची. आपली विमान वाहतूक नियामक संस्था डीजीसीए 2025 पासून उड्डाणशाळांची क्रमवारी लावते. तशीच अमरावती, जळगाव आणि गोंदियातल्या एअरप्रॉक्स घटनांची (विमानं धोकादायक इतकी जवळ येण्याच्या प्रसंगांची) संख्या दर तिमाहीला जाहीर व्हावी: किती, किती उंचीवर, ट्रान्सपॉन्डर चालू होता की बंद. वैमानिकाचं किंवा शाळेचं नाव नको, नाहीतर कोणी कळवणारच नाही. पहिला आकडा येत्या तिमाहीचा द्या.

आपला,
विदर्भातला एक विमानप्रवासी