बाकावरच्या काकूंना, पाच खांबांबद्दल

काकू,

तुमचं नाव मला माहीत नाही. आठवड्यातून दोनदा, मुलांचा पोहण्याचा तास सुटेपर्यंत आपण एकाच बाकावर बसायचो. तुम्ही मला 'अगं' म्हणायचात, मी तुम्हाला 'काकू', आणि त्यावर दोघींचं छान भागत होतं. वर्गाच्या शेवटच्या दिवशी नेमकी माझी मुलगी तापली, आम्ही गेलोच नाही आणि तुमचा निरोप घ्यायचा राहिला. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. तुमच्या नाही तर तुमच्या सुनेच्या तरी नजरेस पडेल.

क्रोशाची शाल झाली, काकू. ती जाळीच्या शिंपल्यांची.

आठवतं ना, पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी बोललात ते माझ्या मांडीवरचं विणकाम बघून? "पताका करतेयस का?" मी शालीचा नमुना करत होते, आणि तो ओळीगणिक निमुळता होत खरंच पताकेसारखा झाला होता. मी टाके मोजून मोजून दमले होते. तुम्ही मोजलं काहीच नाही, नुसता काठावरून अंगठा फिरवलात. "अर्धे शिंपले कुठे गेले?"

शिंपला म्हणजे एकाच जागी घातलेले, पंख्यासारखे पसरलेले खांब; खांब हा उंच टाका, मुका खांब बुटका. पण मला ठाऊकच नव्हतं की अर्धे शिंपले असतात! 32 साखळ्या घालायच्या, सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, मग दोन साखळ्या सोडून तिसरीत पाच खांब, पुन्हा दोन सोडून मुका खांब. अशी पहिली ओळ पाच शिंपल्यांची होते, इथवर मी बरोबर होते. दुसऱ्या ओळीत शिंपले सरकतात, खालच्या दोन शिंपल्यांमधल्या मुक्या खांबात बसतात, म्हणजे पुरे बसतात चारच. दोन्ही टोकांना उरतो अर्धा अर्धा. वळताना तीन साखळ्या, त्यांचा एक खांब धरायचा, त्याच टाक्यात आणखी दोन खांब, आणि ओळीच्या शेवटीही तीन. मी ते अर्धे खुशाल गाळत होते. पाचाचे चार, चाराचे तीन. पताका नाही तर काय होणार?

दुसरा घोळ तर माझ्या पुस्तिकेचाच होता. शिंपले लांबुडके आणि लुळे का येतात ते मला कळेना. तुम्ही चष्मा वर सरकवून पान वाचलंत आणि म्हणालात, हे ब्रिटिश पद्धतीचं आहे. नावं तीच, टाके वेगळे. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन नमुन्यात सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात, आणि आपला खांब म्हणजे अमेरिकन डबल, ब्रिटिश ट्रेबल. मी अमेरिकन नावं शिकलेली, त्यामुळे सगळंच एक पायरी उंच विणत होते. शिंपल्याला कमान येते ती शेजारचा मुका खांब बुटका असतो, तो दोन्ही बाजू खाली ओढून धरतो म्हणून. तोच उंच झाला की कमान कसली आणि काय. आपली 'मुका खांब' आणि 'खांब' ही नावं यापेक्षा किती सरळ आहेत! त्यांत देश बदलला की टाका बदलत नाही.

पण आभार मानायचेत ते याचे नाहीत. हे मला कुठल्या तरी व्हिडिओतून कधी ना कधी सापडलं असतं.

मी डावरी. आजवर ज्यांनी ज्यांनी मला विणकाम शिकवायला घेतलं, त्यांनी शेजारी बसून दाखवलं, मला जमलं नाही की सुई माझ्या हातातून काढून घेतली आणि चार टाके स्वतः घालून परत दिली. "हे बघ, असं." ते चार टाके सुरेख, त्यांच्या पुढचे माझे. शिवाय त्यांची ओळ उजवीकडून डावीकडे जाणार, माझी डावीकडून उजवीकडे. त्यांनी घातलेल्या टाक्यांपुढे मला जाताच यायचं नाही. एका बाईंनी तर मला सुई उजव्या हातात धरायला लावली होती. तो प्रयोग दोन दिवस टिकला.

तुम्ही बाकावरून उठलात, समोरच्या कठड्यावर टेकलात आणि म्हणालात, "शेजारी नको, समोरून बघ. आरशात बघतेस असं समज." बस! तुमचा उजवा हात माझ्या डाव्यासमोर आला. तुम्ही सुईवर दोऱ्याचा वळसा घेतलात, मीही घेतला. टाक्यात खुपसून दोरा ओढलात, मीही ओढला. सुईवर तीन फास, दोन-दोन करत सोडवायचे. आयुष्यात पहिल्यांदा मला मनातल्या मनात चित्र उलटं करावं लागलं नाही. तेव्हाच नव्हे, पुढेही तुम्ही माझ्या विणकामाला बोट लावायचात ते फक्त दाखवायला. सुई एकदाही हातातून घेतली नाहीत. तास संपत आलेला, मुलं ओल्या केसांनी बाहेर येऊ लागलेली, मी एकाच खांबात अडकलेली, तरीही नाही.

उसवायलाही तुम्हीच लावलंत. माझा जीव खालीवर. तुम्ही म्हणालात, क्रोशात सुईवर एकच फास जिवंत असतो, तेवढा सांभाळ, बाकी हवं तितकं ओढ. दोन सुयांवरच्या विणकामासारखे टाके घसरत खाली जायची भीती इथे नाही. मी त्या दिवशी सहा ओळी सर्रकन उसवल्या आणि खरं सांगते, मजा आली.

जाळीचा शिंपला त्यानंतर फार सोपा गेला. दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब, सगळे एकाच ठिकाणी. पुढच्या ओळीत सुई टाक्यात नाही, त्या दोन साखळ्यांच्या खिडकीत घालायची. खिडकी आंधळ्यालाही सापडेल. फक्त पायाच्या साखळ्या मी फार आवळून घालते, म्हणून तुमच्या सांगण्यावरून पाया 5 मिमीच्या सुईने आणि पुढचं 4 मिमीच्या सुईने केलं. खालची कड आता आत ओढली जात नाही.

विणून झाल्यावर मात्र शाल चुरगळलेल्या कागदासारखी दिसत होती. तुम्ही सांगितलं होतंत तशी भिजवली, टॉवेलात गुंडाळून दाबली, चटईवर ताणून टाचण्या लावल्या आणि वाळेपर्यंत हात लावला नाही. सुती दोरा होता म्हणून इस्त्रीचाही मोह झाला, पण "ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवलीस तर लोकर मरते, कायमची लुळी पडते" हे तुमचं वाक्य कानात होतं, त्यामुळे सुतालाही लावली नाही. टाचण्या काढल्या तेव्हा एकेक खिडकी उघडी होती.

अकराव्या ओळीत एका शिंपल्याला चाराऐवजी पाच खांब पडलेत. सापडले तेव्हा पुढच्या वीस ओळी झाल्या होत्या. तो मी ठेवलाय. तुम्ही अंगठा फिरवाल आणि बरोबर तिथेच थांबाल, याची मला खात्री आहे.

काठ अजून घातलेला नाही. त्या टोकेरी काठाचं तुम्ही "पुढच्या वेळी दाखवते" म्हणाला होतात. तीन साखळ्या घालून पहिल्या साखळीत परत जोडायचं, एवढं मला पुस्तिकेतून कळलंय, पण किती खांबांनी एक टोक घ्यायचं ते शालीकडे बघून तुम्हीच सांगायचं. तोवर शाल घडी करून ठेवलीय. सुई तिच्यातच आहे, एका फासात.

तुमची,
बाकावरची डावरी