जेलमधली सिस्टर नक्की कुणाच्या खात्याची? मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

वर 'गृह' लिहायचं की 'सार्वजनिक आरोग्य' हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ती जागा मोकळीच सोडली. जेलचा दवाखाना ज्यांना आपला वाटतो त्यांनी हे वाचावं. दोघांनाही वाटत नसेल तर मग प्रश्नच मिटला.

मी राज्यातल्या एका मध्यवर्ती कारागृहात अधिपरिचारिका आहे, कंत्राटी. कुठलं कारागृह ते लिहीत नाही, नावही लिहीत नाही, कारण ऑर्डर अकरा महिन्यांची असते आणि ती वाढवायची की नाही हे ठरवणारे साहेबसुद्धा फेसबुक वाचतात.

तर झालं असं की गेल्या आठवड्यात मला सुई टोचली. संध्याकाळी बराकी बंद व्हायची वेळ, आत जाऊन इंजेक्शन द्यायचं होतं कारण पेशंटला चालवत नव्हतं. वापरलेली सुई जागच्या जागी कटरने तोडून पांढऱ्या डब्यात टाकायची असते, २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम आहेत, ट्रेनिंगला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण आमच्याकडे कटर आणि डबा आत न्यायला बंदी, सिक्युरिटी! जितक्या सुया आत गेल्या तितक्या मोजून बाहेर आल्या पाहिजेत, म्हणजे वापरलेली सुई ट्रेमध्ये घेऊन त्या गर्दीतून चालत यायचं. कुणाचातरी धक्का लागला आणि सुई ग्लोव्हमधून थेट बोटात. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह होता. कोण ते विचारू नका, ते सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे आणि कायदे पाळायचे ते आम्हीच.

अशा वेळी पीईपीची, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या औषधाची, पहिली गोळी दोन तासांत पडली तर उत्तम, ७२ तासांनंतर काही उपयोग नाही. जेलमध्ये पीईपी नाही. ॲम्ब्युलन्स आहे पण तिला ड्रायव्हर नाही. रिक्षा केली आणि सिव्हिलला गेले. तिथे कॅज्युअल्टीत युनिफॉर्म बघूनही पहिला प्रश्न, 'जेलमधून आलात, मग गार्ड कुठाय?' म्हणजे मीच आरोपी! हसावं की रडावं कळेना. गोळी मिळाली शेवटी. आता अठ्ठावीस दिवस रोज घ्यायची, मळमळतं, रात्री विचित्र स्वप्नं पडतात, सासूबाईंना ॲसिडिटीची गोळी म्हणून सांगितलंय, नवऱ्याला खरं सांगितलंय आणि तो तेव्हापासून माझ्याशी फार जपून बोलतो. सुई टोचून एचआयव्ही व्हायची शक्यता हजारात तीन असते हे मला पाठ आहे, दुसऱ्यांना मीच समजावते. पण रात्री दोन वाजता हजार कुणाला दिसत नाहीत हो, ते तीनच दिसतात.

आणि दोन दिवसांनी हातात काय पडलं? कारणे दाखवा नोटीस. 'विनापरवानगी ड्युटी सोडून आवाराबाहेर गेल्याबद्दल खुलासा सादर करावा.' रजेचा पगारही कापणार, कारण कंत्राटीला अपघाती रजा नसते. छान आहे ना!

आता जुनी गोष्ट. मागे एक मंत्रीसाहेब आमच्याकडे येऊन गेले होते, आता ते त्या खात्यात नाहीत. ईसीजी मशीनची फीत कापली, फोटो झाले, 'सिस्टर, तुम्ही खऱ्या योद्ध्या आहात' म्हणाले, आणि सगळ्यांसमोर माईकवर तीन गोष्टी कबूल केल्या. कायम पदं, जोखीम भत्ता आणि चालती ॲम्ब्युलन्स. मशीन अजून आहे, त्याचा कागदाचा रोल संपून किती महिने झाले ते विचारू नका. बाकीच्या तीन गोष्टी त्यांच्या गाडीतूनच परत गेल्या बहुतेक.

तुम्हाला वाटत असेल ही बाई नुसती रडते. नाही साहेब, मला हे काम आवडतं आणि हेच कुणाला पटत नाही. बाहेर प्रायव्हेटला याच्यापेक्षा बरा पगार मिळेल, तरी मी जात नाही. रोज संध्याकाळी कोर्टातून नवीन आमद, म्हणजे नवे कैदी येतात, त्यात एखादा दारूचं व्यसन असलेला असतोच, पहिल्या दिवशी शहाण्यासारखा बसलेला असतो आणि दारू तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, फिट येते. बाकीचे म्हणतात नाटक करतोय. तो नाटक करत नाहीये हे ओळखणं, डॉक्टरांना फोन करून उठवणं, त्याला औषध, सलाईन आणि बी-वन व्हिटॅमिन देणं आणि चार दिवसांनी तोच माणूस 'सिस्टर, मी काही वेडंवाकडं बोललो का हो' म्हणून ओशाळून विचारतो. यातलं समाधान मला कुठल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात मिळणार? टीबीचे पेशंट बाहेर गोळ्या मध्येच सोडून देतात, इथे माझ्यासमोर गिळाव्या लागतात, त्यामुळे कोर्स पूर्ण होतो. एकजण सुटल्यावर एसटी स्टँडवर भेटला, बायकोला म्हणाला 'ह्या आमच्या मॅडम', कुठल्या मॅडम ते काही बोलला नाही, मीही नाही. वजन चांगलं भरलं होतं त्याचं.

महिला विभागात सहा वर्षांपर्यंतची पोरं आईजवळ असतात, त्यांचं लसीकरण मी करते. त्यातल्या काहींनी रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा पाहिलेलं नाही. असो, त्यावर वेगळं पत्र लागेल.

पण किती जणांना बघायचं एका माणसाने? मॉडेल प्रिझन मॅन्युअल म्हणतं ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर. इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ म्हणतो देशात सरासरी ७७५ मागे एक आहे, आणि साडेपाच लाखांवर कैद्यांसाठी मानसोपचारवाले प्रत्यक्ष कामावर फक्त २५. पंचवीस! पुरे देशात! आर्थर रोडची क्षमता वर्षानुवर्षं ८०४ लिहिली गेली आणि आत त्याच्या तिप्पट-चौपट माणसं. आमच्याकडेही तेच, पाठीला पाठ लावून झोपतात, मग खरूज एकाला झाली की अख्ख्या बराकीला होते, मी मलम देते, तो लावतो, आणि रात्री परत त्याच चादरीत. मला कधी कधी वाटतं की मी गळक्या माठात पाणी भरतेय. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा मात्र एकदम जागा सापडली हां! सुमारे १७ हजार कैदी सोडायचं ठरलं. म्हणजे सोडता येतात, इच्छा असली की.

आणि ही गर्दी कुणाची? चारातले तीन कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच नाही. किती जणांना जामीन झालाय पण जामीनदार नाही, पंधरा-वीस हजार भरायला नाहीत म्हणून पडलेत. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन बीएनएसएसमध्ये ४७९ कलम आहे, पहिल्यांदा गुन्हा असेल तर त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की जामिनावर सोडायची तरतूद. मला कलम पाठ आहे, ज्याच्यासाठी आहे त्याला माहीत नाही, कारण त्याला भेटायला वकील येत नाही. याउलट मोठं नाव आत आलं की दुसऱ्या दिवशी छातीत दुखतं आणि तिसऱ्या दिवशी बाहेरच्या हॉस्पिटलात एसी रूम. गरिबाच्या छातीत दुखलं तर मी फॉर्म भरते, मग कैदी पार्टीची, म्हणजे पेशंटला बाहेर नेणाऱ्या पोलिसांची, वाट बघते. पार्टी कधी मिळते? पोलीस मुख्यालयाला माणसं मोकळी असतील तेव्हा. आणि माणसं मोकळी कधी नसतात? तुमची सभा असते तेव्हा. एका म्हाताऱ्याची टूडी इकोची तारीख बंदोबस्तामुळे गेली, पुढची मिळाली ती तीन महिन्यांनी, आणि तोपर्यंत इकोची गरजच राहिली नाही. तुमच्या सभेला गर्दी चांगली होती असं पेपरात वाचलं.

पत्र लिहिलं की गृह म्हणतं डॉक्टर-नर्स आरोग्याचे, त्यांना विचारा. आरोग्य म्हणतं जेल गृहाचं, बजेट त्यांच्याकडे. फ्रान्सने १९९४ ला, इंग्लंडने २००६ ला जेलचे दवाखाने सरळ आरोग्य खात्याकडे दिले, जागतिक आरोग्य संघटना तेच सांगत आलीय. आपल्याकडे जेलचा १८९४ चा कायदा बदलायचं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आलं, त्यात माझ्या बोटाचं काय झालं ते कुणी समजावून सांगेल का? एनएचएमवाल्यांना, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटींना, दहा वर्षं झाली की समायोजन, म्हणजे कायम सेवेत घेणं, असा जीआर मार्च २०२४ ला निघाला, त्यांनाही तो अमलात आणा म्हणून २०२५ मध्ये संपावर बसावं लागलं. मग आम्ही तर कुठल्याच यादीत नाही, आम्ही संप करायचा कुठे, गेटच्या आत की बाहेर?

मागणं फार नाही. पीईपीचा कोर्स जेलच्या कपाटात ठेवा. कटर आणि डबा बराकीपर्यंत जाऊ द्या, सोबत शिपाई द्या हवा तर. सुई टोचली, मार लागला तर कंत्राटीलाही पगारी रजा. पेशंट न्यायला वेगळे गार्ड, ज्यांना बंदोबस्ताला हात लावायचा नाही. आणि आम्ही कुणाच्या खात्याचे ते एकदा कागदावर लिहा, दोघांपैकी कुणीही चालेल.

नोटिशीचा खुलासा मी दिलाय. त्यात 'जीव वाचवण्यासाठी गेले होते' एवढंच लिहिलंय. बाबूंनी विचारलं, कुठल्या कैद्याचा?

आपली,
एक कंत्राटी अधिपरिचारिका

ता.क. ईसीजीच्या कागदाच्या रोलसाठी मागणीपत्र तिसऱ्यांदा पाठवलंय. त्याला कॅबिनेटची मंजुरी लागत असेल तर तसं कळवा, म्हणजे आम्ही वाट बघणं बंद करू आणि वर्गणी काढू.